स्टिरॉइडला पुरावा आहे का? कोणत्या आजारात, कोणाला आणि केव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२१ मध्ये कोविड झालेल्या वडिलांचा जीव डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने वाचला, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याच दिवसांत तेच औषध घरी घेतलेल्या, मधुमेह असलेल्या शेजाऱ्यांना म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार झाला आणि त्यांचा एक डोळा गेला. पुढे अपघातात डोक्याला मार लागून भावाच्या मेंदूला सूज आली, तेव्हा न्यूरोसर्जनने मात्र स्टिरॉइड द्यायला नकार दिला. सूज उतरवणारे औषध सुजेलाच का नाकारले, आणि मुळात या औषधामागे पुरावा आहे की नाही, असे आपण विचारले आहे.

तिन्ही प्रसंगांमागे पुरावा आहे, आणि तो तिन्ही ठिकाणी वेगळा आहे. पुरावा कधीच एकट्या औषधाचा नसतो; औषध, आजार, आजाराची अवस्था, रुग्णाचे वय व त्याचे इतर आजार, मात्रा, आणि ज्या उपचाराशी तुलना केली तो उपचार, या सगळ्यांच्या जोडणीचा तो असतो. यांतली एक गोष्ट बदलली की आधीचा निष्कर्ष लागू पडतो की नाही, हे पुन्हा तपासावे लागते. मेडिसिनच्या वॉर्डात निवासी डॉक्टरांना हे समजावताना मी बहुधा स्टिरॉइडचेच उदाहरण घेतो, कारण त्वचारोगापासून प्रसूती विभागापर्यंत हे औषध न वापरणारा विभाग सापडणे कठीण, आणि त्याच्याइतका उलटसुलट निकालांचा इतिहास क्वचितच दुसऱ्या औषधाच्या वाट्याला आला असेल.

आधी भावाच्या बाबतीतला प्रश्न घेऊ, कारण तर्काने औषध ठरवण्यातला धोका तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. मेंदूतील गाठीभोवती येणारी सूज डेक्सामेथासोनने झपाट्याने उतरते, हे १९६०च्या दशकापासून माहीत आहे आणि आजही त्या कारणासाठी ते दिले जाते. साहजिकच डोक्याच्या मारानंतरच्या सुजेतही त्याचा उपयोग होईल असे मानले गेले आणि अनेक देशांत कित्येक वर्षे ते दिले गेले. मधल्या काळात छोट्या-मोठ्या चाचण्या झाल्या, परंतु त्या सगळ्या एकत्र केल्या तरी निष्कर्ष इतका सैल होता की थोडा फायदा असू शकेल, नसेलही, आणि थोडा अपायही असू शकेल. म्हणून ‘क्रॅश’ नावाची मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी हाती घेण्यात आली. वीस हजार रुग्ण घ्यायचे ठरले होते; २००४ मध्ये १०,००८ रुग्णांवर ती थांबवावी लागली. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलेल्या गटात दोन आठवड्यांत २१.१ टक्के रुग्ण दगावले, तर प्लासिबोच्या, म्हणजे औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले द्रव्य दिलेल्या, गटात १७.९ टक्के. म्हणजे दर शंभर रुग्णांमागे तीन मृत्यू औषधामुळे जास्त. गाठीभोवतीची सूज आणि मारामुळे आलेली सूज सीटी स्कॅनवर एकमेकींसारखी भासली, तरी त्यामागची यंत्रणा वेगळी असते. शिवाय गंभीर जखमी रुग्णात संसर्ग, वाढलेली साखर आणि रक्तस्राव यांचे ओझे आधीच असते. आपल्या भावाच्या सर्जनने नकार दिला तो या आकड्यांमुळे.

हा अपाय इतकी वर्षे कोणाच्याच लक्षात कसा आला नाही, याचे उत्तर त्या आकड्यांतच आहे. डोक्याला गंभीर मार लागलेल्या शंभरांपैकी अठरा रुग्ण तसेही दगावतात. औषधाने ते एकवीस झाले, तर वर्षाला पन्नास-साठ असे रुग्ण पाहणाऱ्या सर्जनला, तो कितीही चौकस असला तरी, तो फरक दिसणार नाही. त्याला दिसतील ते बरे होऊन घरी गेलेले बहुसंख्य रुग्ण, आणि त्या प्रत्येकाला स्टिरॉइड दिलेले असेल. वैद्यकातील अनुभवाला मी कमी लेखत नाही; निदानात, रुग्णाची हालत ओळखण्यात, गुंतागुंत वेळेत पकडण्यात अनुभवाला पर्याय नाही. परंतु शंभरात तीनचा फरक ओळखणे हे अनुभवाच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. त्यासाठी हजारो रुग्ण लागतात, आणि कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरच्या पसंतीवर न सोडता चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवावे लागते, म्हणजे दोन्ही गट सुरुवातीला सारखे राहतात.

याची दुसरी बाजू चेहऱ्याच्या लकव्यात, म्हणजे बेल्स पाल्सीत दिसते. स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुरुवातीच्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलेल्यांपैकी ९४.४ टक्के रुग्ण नऊ महिन्यांनी पूर्ण बरे झाले होते. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्यापैकी ८१.६ टक्के. औषध निश्चित उपयोगी ठरले. पण दुसरा आकडाही नीट पाहावा, कारण शंभरांतील ब्याऐंशीजण स्टिरॉइडशिवाय बरे झाले आहेत. या आजारात कोणी पाला लावो, मालिश करो, गंडा बांधो, पाचांपैकी चारजण त्याचे गुण गातीलच. याच चाचणीत असायक्लोव्हिर या विषाणुरोधक औषधाने काही फरक पडला नाही, तरीही ते देणाऱ्या डॉक्टरांचा अनुभव उत्तमच असणार.

आता आपल्या वडिलांकडे येतो. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचे निकाल जून २०२० मध्ये जाहीर झाले. त्यात २,१०४ रुग्णांना दररोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त दहा दिवस दिले होते आणि ४,३२१ रुग्णांना फक्त नेहमीचे उपचार. एकूण पाहिले तर २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण २५.७ टक्क्यांवरून २२.९ टक्क्यांवर आले, म्हणजे तसा बेताचा फरक. पण हा एकच आकडा घेऊन बसणाऱ्याला या चाचणीतले सर्वांत महत्त्वाचे कळणारच नाही. व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर, आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात १४.० वरून १७.८ वर गेले. हा शेवटचा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका होता, त्यामुळे त्यातून अपाय सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. पण फायद्याचा मात्र मागमूस नव्हता. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याशी लढत असते. फुप्फुसांची हानी पुढे होते ती बव्हंशी त्या प्रतिकाराच्या अतिरेकाने. पहिल्या टप्प्यात प्रतिकार दाबणे आणि दुसऱ्या टप्प्यात तो दाबणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

इथे एक शंका घेणे रास्त आहे. निकालाचे तुकडे पाडून आपल्याला हवा तो उपगट निवडायचा, ही लबाडी तर नव्हे? तशी ती पुष्कळदा असते. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिन देण्याबद्दलच्या ‘आयसिस-२’ या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत हाच धोका दाखवण्यासाठी संशोधकांनी रुग्णांची जन्मराशीनुसार विभागणी केली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने किंचित अपायच झालेला दिसतो, आणि बाकीच्यांना भरघोस फायदा. पाश्चात्त्य पद्धतीच्या सूर्यराशी होत्या, त्यामुळे आपल्या पंचांगकर्त्यांनी त्यावर हक्क सांगण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की पुरेसे तुकडे पाडले तर कुठल्या ना कुठल्या तुकड्यात नुसत्या योगायोगाने उलटा निकाल सापडतोच. ‘रिकव्हरी’तील विभागणी मात्र आधीच ठरलेली होती, गट मोठे होते, आजाराच्या तीव्रतेबरोबर परिणाम पायरीपायरीने बदलत होता, आणि फरक योगायोगाने पडावा याहून बराच मोठा होता. म्हणून मी तो उपगट मानतो आणि राशींचा मानत नाही.

आपल्या शेजाऱ्यांची गोष्ट ‘रिकव्हरी’तील तिसऱ्या, म्हणजे ऑक्सिजन न लागणाऱ्या गटातली आहे. २०२१च्या लाटेत ‘कोविडमध्ये स्टिरॉइड चालते’ एवढेच वाक्य अर्धवट पसरले, आणि ऑक्सिजनची पातळी उत्तम असलेल्या रुग्णांना तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी दुप्पट-तिप्पट मात्रेत, साखर न तपासता स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. मधुमेह, त्यावर स्टिरॉइडने आणखी भडकलेली साखर आणि दबलेली प्रतिकारशक्ती ही म्युकरच्या बुरशीला अनुकूल स्थिती असते, आणि म्युकरचा मोठा फटका बसलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. एका रुग्णाबाबत ‘यामुळेच झाले’ असे ठामपणे म्हणता येत नाही, परंतु ज्या गटात फायदा दिसलेला नव्हता त्या गटाला अपायाचा धोका पत्करायला लावणे समर्थनीय नव्हते. मात्रेबद्दलचा निकालही पुढे आला. ‘रिकव्हरी’तच, ऑक्सिजन न लागणाऱ्या किंवा साध्या ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांना नेहमीच्या अल्प मात्रेऐवजी मोठी मात्रा दिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १२ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेले. औषध तेच, आजार तोच, फक्त मात्रा वाढवली होती.

अपायांविषयीचा पुरावा बहुतेक वेळा असा नीटनेटका मिळत नाही. चाचण्या फायदा मोजण्यासाठी आखलेल्या असतात, थोडे दिवस चालतात, आणि त्यांत वृद्ध, मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण कमी घेतले जातात. अपाय शोधायला मोठ्या नोंदी चाळाव्या लागतात. अमेरिकेतील पंधरा लाखांहून अधिक प्रौढांच्या विमा-नोंदींचा असा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील पाचांपैकी एकाला तीन वर्षांत कधी ना कधी स्टिरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स मिळालेला होता, आणि कोर्स सुरू झाल्यावरच्या महिन्याभरात सेप्सिसचे, म्हणजे शरीरभर परिणाम करणाऱ्या जीवघेण्या संसर्गाचे, प्रमाण सुमारे पाचपट, शिरेत गुठळी होण्याचे सुमारे तिप्पट आणि हाड मोडण्याचे जवळपास दुप्पट झालेले आढळले. मूळ धोका कमी असल्याने प्रत्यक्ष संख्या लहान राहते, हे खरे. पण ‘पाच दिवसांच्या कोर्सने काही होत नाही’ हे वाक्य मी त्यानंतर ऐकून घेत नाही.

मेंदुज्वराकडे पाहिले की एक निराळीच अडचण समोर येते. क्षयाच्या मेंदुज्वरात डेक्सामेथासोन दिल्याने मृत्यू ४१.३ टक्क्यांवरून ३१.८ टक्क्यांवर आले, असे व्हिएतनाममधील ५४५ रुग्णांच्या चाचणीत २००४ मध्ये दिसले. मात्र वाचलेल्यांतील गंभीर अपंगत्व कमी झाल्याचे दिसले नाही, हे नातेवाइकांना सांगताना मी वगळत नाही. एचआयव्हीबाधित रुग्णांसाठी वेगळी चाचणी झाली आणि तिचे निकाल २०२३ मध्ये आले: ५२० रुग्ण, मृत्यू प्लासिबो गटात ४९.० आणि डेक्सामेथासोन गटात ४४.१ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, म्हणून ‘एचआयव्हीत स्टिरॉइड निरुपयोगी ठरले’ असे मथळे झाले. ते चूक आहेत. त्या निकालाचा विश्वासाचा पल्ला, म्हणजे खरा परिणाम ज्या हद्दीत असू शकतो ती हद्द, पाहिली तर मृत्यूचा धोका एकतृतीयांशाने घटण्यापासून दहा टक्क्यांनी वाढण्यापर्यंत सर्व शक्यता त्यात बसतात. फायदा सिद्ध न होणे आणि फायदा नसल्याचे सिद्ध होणे यांत महदंतर आहे, आणि ‘क्रॅश’सारखा ठाम नकार या चाचणीने दिलेला नाही.

जिवाणूजन्य मेंदुज्वरात तर जागा बदलली आणि निकाल बदलला. युरोपातील ३०१ प्रौढांच्या चाचणीत डेक्सामेथासोनने मृत्यू १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले, तर आफ्रिकेतील मलावीत ४६५ प्रौढांमध्ये ते औषध घेतलेल्यांत ५६ आणि न घेतलेल्यांत ५३ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच राहिले. मलावीतील बहुसंख्य रुग्ण एचआयव्हीबाधित होते आणि पुष्कळसे उशिरा पोहोचलेले होते. नागपूर किंवा नांदेडच्या रुग्णालयात आलेला रुग्ण यांपैकी कोणत्या चाचणीतल्या रुग्णासारखा आहे, हे त्याच्याकडे पाहूनच ठरवावे लागते; पुण्यात पहिल्या दिवशी आलेला तरुण आणि दुर्गम तालुक्यातून तीन ठिकाणची अँटिबायोटिक्स घेऊन पाचव्या दिवशी आलेला रुग्ण यांना मी एकच आकडा सांगणार नाही.

परिस्थितीचा हा परिणाम सर्वांत तीव्रतेने दिसला तो मुदतपूर्व प्रसूतीत. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवले की मुदतीआधी प्रसूत होऊ घातलेल्या आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. उपचार मिळालेल्या बाळांपैकी ३.२ टक्के सुरुवातीच्या दिवसांत दगावली, न मिळालेल्यांपैकी १५ टक्के. पुढच्या चाचण्यांनी त्याला दुजोरा दिला. पुराव्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हातील आडव्या रेघा याच चाचण्यांच्या आहेत. एवढा भक्कम पुरावा असल्यावर हे इंजेक्शन खेडोपाडी पोहोचवावे, असे कोणालाही वाटेल. तसा प्रयोग सहा देशांत झाला, त्यात बेळगाव आणि नागपूर ही भारतातील केंद्रे होती, आणि सुमारे एक लाख जन्मांची नोंद घेतली गेली. २०१५ मध्ये निकाल आला तो धक्कादायक होता. जन्मतः कमी वजनाच्या लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीतच, उलट सर्व बाळे मिळून नवजात मृत्यू हजारी २३.९ ऐवजी २७.४ झाले आणि मातांमधील संसर्गाचा संशयही वाढला. सोनोग्राफीअभावी गर्भाचे नेमके वय ठरत नव्हते, इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक स्त्रियांची बाळे लहान नव्हतीच, आणि खरोखर लहान असलेल्या बाळांना पुढे लागणारी काळजी जवळ उपलब्ध नव्हती. औषध निरुपयोगी होते असे मात्र नाही: जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील, सोनोग्राफी आणि नवजात शिशूंची सोय असलेल्या रुग्णालयांत २,८५२ स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले, तेव्हा नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. माझ्या मते स्टिरॉइडच्या सबंध इतिहासात आपल्याकडच्या डॉक्टरांनी सर्वांत लक्षपूर्वक वाचावी अशी ही दोन निकालांची जोडी आहे, कारण आपल्याकडे पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारचे दवाखाने एकाच जिल्ह्यात असतात.

जिथे पुरेशा चाचण्या नाहीत तिथे काय करावे, हेही सांगायला हवे. इन्फ्लुएंझाच्या न्यूमोनियात स्टिरॉइड घेतलेल्यांचे मृत्यू जास्त दिसतात, पण तो पुरावा नोंदींचा आहे, आणि डॉक्टर स्टिरॉइड देतात तेच मुळी अधिक अत्यवस्थ रुग्णाला; त्यामुळे औषधाने माणूस दगावला की दगावण्याच्या बेतात होता म्हणून औषध दिले, हे वेगळे काढता येत नाही. आयसीयूतील गंभीर न्यूमोनियात हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडने मृत्यू ११.९ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आल्याचे फ्रान्समधील ८०० रुग्णांच्या चाचणीत २०२३ मध्ये दिसले, पण तिच्यातून इन्फ्लुएंझाचे रुग्ण वगळलेले होते. म्हणून इन्फ्लुएंझाच्या न्यूमोनियात, सोबत दमा किंवा दुसरे स्वतंत्र कारण नसेल तर, मी स्टिरॉइड देत नाही. मात्र हे मत मी ‘क्रॅश’इतक्या खात्रीने मांडत नाही.

उलट काही ठिकाणी मोठ्या चाचणीची मागणी करणेच वेडेपणाचे आहे. ॲड्रिनल ग्रंथी निकामी झालेल्या माणसाला कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवते ते स्टिरॉइड संप्रेरक, मिळाले नाही तर तो जगत नाही. तिथे प्लासिबोशी तुलना करायला कोणी धजणार नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या स्त्रीला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. तो परिणाम डोळ्यांना दिसत होता आणि १९५० मध्ये हेंच यांना नोबेल पारितोषिकात वाटाही मिळाला. पण डोळ्यांना दिसणारा परिणाम पहिल्या आठवड्यांचा होता. ठिसूळ हाडे, वाढलेली साखर, संसर्ग हे सारे पुढच्या वर्षांत उघड झाले.

आपण काय मोजतो यावरही बरेच अवलंबून असते. नायट्यावर स्टिरॉइड मिसळलेले मलम लावले की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, रुग्ण खूश होतो. आतली बुरशी मात्र निर्धास्त पसरते आणि पुढे साध्या औषधांना दाद देत नाही. खाज हेच मोजमाप धरले तर त्या मलमाइतके गुणकारी काही नाही. सायटिकात, म्हणजे कमरेपासून पायात जाणाऱ्या कळेतही, तसेच आहे: २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २६९ रुग्णांच्या चाचणीत प्रेडनिसोनच्या गोळ्यांनी हालचालीत थोडी सुधारणा झाली, वेदना मात्र कमी झाल्या नाहीत, आणि रुग्ण येतो तो वेदना घेऊन.

आपल्या घरात पुढे कधी स्टिरॉइड लिहून दिले गेले, तर डॉक्टरांना विचारण्याजोगे प्रश्न मोजकेच आहेत: नेमक्या कोणत्या निदानासाठी, याच टप्प्यावर का, किती दिवस, साखर कधी तपासायची, आणि न घेतल्यास काय होईल. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. मात्र हे सारे वाचून, आधीच चालू असलेले स्टिरॉइड कोणी स्वतःहून बंद करू नये. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते घेतले असेल, तर शरीराची स्वतःची कॉर्टिसोल-निर्मिती मंदावलेली असते आणि गोळी एकदम थांबवल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते.